मार्केट यार्डातील हमाली : रोजची कमाई रास्त आहे की नाही, हे ठरवायचे कसे?

पुण्याच्या गुलटेकडी भागातील मार्केट यार्डात रोज शेकडो गाड्यांमधून धान्य, गूळ, कांदा-बटाटा, फळे आणि भाजीपाला येतो. हा माल उतरवणारे, थप्पी लावणारे आणि पुन्हा गाडीत भरणारे हात हमालांचे असतात. ‘हमाल दिवसाला चांगले पैसे कमावतात’ असे काही जण म्हणतात. ‘एवढे ओझे उचलून मिळते तरी काय?’ असे इतरांना वाटते. दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर असतो तो एका दिवसाच्या कमाईचा आकडा. पण ज्याला एक मालक नाही आणि महिन्याचा ठरलेला पगार नाही, त्याची कमाई रास्त आहे का, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

हमाली, तोलाई, वाराई : फरक काय?

बाजारात माल हलवण्याच्या प्रत्येक टप्प्याला वेगळे नाव आणि वेगळा दर असतो. माल उतरवणे, वाहून नेणे आणि रचणे याची मजुरी म्हणजे हमाली. मालाचे वजन करणाऱ्या तोलणाराला किंवा मापाड्याला मिळते ती तोलाई. माल गाडीत भरण्याची मजुरी ती भराई, तर गाडीवाल्याकडून माल चढवण्या-उतरवण्यासाठी घेतली जाणारी रक्कम वाराई म्हणून ओळखली जाते.

हमालाला दिवसाची नव्हे, तर नगाची मजुरी मिळते. पोते, गोणी, पेटी किंवा डाग, त्याचे वजन आणि कामाचा प्रकार यांवर दर अवलंबून असतो. हमाल सहसा टोळीने काम करतात आणि टोळीची कमाई सदस्यांमध्ये वाटली जाते. त्यामुळे आवक वाढली की कमाई वाढते आणि आवक घटली की दर तोच राहूनही हातात कमी पैसे येतात.

दर ठरवतो कोण?

हीच या बाजाराची महत्त्वाची गोष्ट आहे. हमालीचा दर प्रत्येक गाळ्यावर, प्रत्येक गाडीमागे नव्याने घासाघीस करून ठरत नाही. हमालांची संघटना आणि व्यापाऱ्यांची संघटना समोरासमोर बसतात आणि ठरावीक मुदतीसाठी करार करतात. भुसार बाजारात एका बाजूला हमाल पंचायत, तर दुसऱ्या बाजूला दि पूना मर्चंट्स चेंबर अशा बोलण्यांची मोठी परंपरा आहे. मुदत संपली की महागाईचा हिशेब मांडून दरवाढीची मागणी होते.

ही व्यवस्था आपोआप आली नाही. डॉ. बाबा आढाव यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यात हमाल पंचायत उभी केली, तेव्हा घाऊक बाजार नाना पेठ, भवानी पेठ परिसरात होता. पुढे बाजार गुलटेकडीला आला आणि संघटनाही सोबत आली. रास्त दरात पोटभर जेवण मिळावे म्हणून तिने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पतसंस्था आणि घरे यांसाठीही संघटनेने काम केले. सावकाराची उचल डोक्यावर असलेला माणूस दरासाठी अडून बसू शकत नाही. म्हणून पतसंस्थेचाही मजुरीच्या दराशी थेट संबंध आहे.

बाजार समितीच्या कारभारातही हमालांना जागा आहे. १८ निवडून येणाऱ्या संचालकांमध्ये हमाल-मापाडी मतदारसंघाचा १ प्रतिनिधी असतो.

लेव्ही म्हणजे काय?

१९६०च्या दशकात मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. त्या लढ्यातून ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ आला. रोज वेगवेगळ्या मालकांसाठी काम करणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी कोणी द्यायचा, हा त्याआधीचा न सुटणारा प्रश्न होता. कायद्याने त्यावर मंडळाचा उपाय काढला.

मंडळावर कामगार, मालक आणि सरकार अशा तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी असतात. मालक आणि कामगार दोघांचीही तेथे नोंदणी होते. मालक मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरतो. मजुरी कामगाराला मिळते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा, औषधोपचार अशा गोष्टींची तरतूद होते. लेव्हीचा टक्का मंडळानुसार आणि कामानुसार बदलतो. ती मजुरीतून कापली जात नाही, मजुरीवर जादा द्यावी लागते.

एका दिवसाचा आकडा का फसवा?

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, एका हमालाला कामाच्या दिवशी ९०० रुपये मिळतात. महिन्यात २० दिवस काम मिळाले, तर कमाई १८,००० रुपये होते. घर मात्र ३० दिवस चालवायचे असते. म्हणजे रोजचे ९०० नव्हे, ६०० रुपये हाती पडतात. बाजार बंद, संप, पावसाने घटलेली आवक, आजारपण, गावची जत्रा किंवा पेरणी हे सगळे दिवस या हिशेबात येतात.

आता समजा लेव्ही ३० टक्के आहे. मग त्याच १८,००० रुपयांवर ५,४०० रुपये मंडळाकडे जादा जमा होतात. तेच काम, तेवढाच दर, पण नोंदणी नसलेला कामगार असेल तर हे ५,४०० रुपये नाहीत. दोघांच्या हातातली रोकड सारखीच दिसते. कमाई मात्र सारखी नसते.

‘रास्त’ मोजायला काही माप आहे का?

आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच केंद्र सरकारने नेमलेल्या रास्त वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : किमान वेतन, रास्त वेतन आणि निर्वाह वेतन. किमान वेतन ही तळाची मर्यादा. निर्वाह वेतनात मुलांचे शिक्षण, आजारपण आणि म्हातारपणाची सोयही धरलेली आहे. रास्त वेतन या दोहोंच्या मध्ये येते.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब आणखी ठोस केला. कामगार, जोडीदार आणि दोन मुले मिळून ३ घटक, प्रौढ माणसामागे रोज २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण किमान वेतनाच्या २० टक्के रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. हमालीकडे या मापाने पाहिले तर लेव्ही ही मेहेरबानी ठरत नाही. आजारपण आणि म्हातारपणाचा जो खर्च वेतनातच धरायला हवा, तोच लेव्हीच्या रूपाने वेगळा जमा होतो.

शरीराच्या झिजेचा हिशेब

मजुरी नगावर असल्याने जास्त उचलले की जास्त पैसे मिळतात. यातच धोका आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचे ओझे ५५ किलोपेक्षा जास्त नसावे. भारतातील बाजारांत १०० किलोची पोती वर्षानुवर्षे पाठीवरून वाहिली गेली. म्हणून पोते ५० किलोपेक्षा जड नको, ही मागणी हमाल संघटनांनी लावून धरली. पाठ, मान आणि गुडघे लवकर झिजले, तर कमावण्याची वर्षे कमी होतात. तिशीतल्या हमालाची चांगली कमाई ही साठीतल्या रिकाम्या हातांचीही तरतूद असावी लागते.

दुसरी बाजू काय म्हणते?

हमालीवर टीकाही होते आणि तिच्यात तथ्य आहे. शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली आणि तोलाई कापली जाते. भाव पडलेल्या दिवशी ती जास्तच बोचते. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होत असेल तर तोलाई कशाची, असा प्रश्न विचारला जातो. वाहतूकदार ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ म्हणत वाराई देण्यास विरोध करतात. मालाला हातही न लावता माथाडीच्या नावाखाली पैसे उकळले जातात, ही उद्योजकांची गंभीर तक्रार आहे.

असे प्रकार रोखण्याचे कारण देत २०२३ मध्ये माथाडी कायद्यात बदल सुचवणारे विधेयक राज्य सरकारने आणले. त्यामुळे खऱ्या कामगारांचे संरक्षण दुबळे होईल, असे सांगत संघटनांनी त्याला विरोध केला. खंडणी हा गुन्हा आहे, मजुरी हा हक्क. एकाचा बंदोबस्त करताना दुसऱ्याला धक्का लागणार नाही, हे पाहणे यातला खरा पेच आहे.

ज्यांच्यासाठी मंडळ नाही, त्यांचे काय?

झाडाच्या फांद्या उतरवणाऱ्याचे उदाहरण घ्या. सोसायटी एका दिवसासाठी त्याला बोलावते. झाड पाहून रक्कम उक्ती ठरते. त्यातून मदतनीस, दोर, कोयता, यांत्रिक करवत, इंधन आणि लाकूड वाहून नेणारा टेम्पो यांचा खर्च निघतो. शहरात झाड तोडायला १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. पण झाडावर चढणाऱ्याला किती मजुरी द्यायची, हे तो कायदा सांगत नाही. त्याच्या मजुरीवर कोणी लेव्ही भरत नाही. तो पडला तर भरपाई सोसायटीने द्यायची की ठेकेदाराने, यावरच वाद सुरू होतो. दिवसाला त्याने हमालाइतकेच किंवा जास्त पैसे घेतले, तरी त्याची कमाई तेवढी सुरक्षित नसते.

मग उत्तर काय?

कोणत्याही रोजंदारीच्या कामाबद्दल पुढचे प्रश्न विचारले, तर उत्तर स्पष्ट होत जाते :

• दर एकट्याने मागितला, की संघटनेने करार करून ठरवला?
• महिन्यात कामाचे दिवस किती आणि रिकामे किती?
• अवजारे, प्रवास आणि मदतनीस यांचा खर्च कोणाचा?
• आजारपण, अपघात आणि म्हातारपण यांसाठी वेगळे पैसे जमा होतात का?
• वाढलेल्या महागाईनुसार दर पुन्हा ठरवण्याची मुदत आहे का?

मार्केट यार्डातील नोंदणीकृत हमालाकडे यातल्या बहुतेक प्रश्नांना उत्तर आहे, आणि ते काही दशकांच्या संघर्षातून आले आहे. त्याचा दर कमी की जास्त, यावर वाद होऊ शकतो. पण तो वाद घालायला टेबल आहे आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसे आहेत. त्याच यार्डात नोंदणीविना राबणाऱ्या मदतनिसाला किंवा शहरात झाडावर चढणाऱ्या मजुराला ते टेबलच मिळालेले नाही.