मातीवर सोपवलेलं काम

तळेगाव दाभाड्याचं नाव आधी काचेनं झालं. लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या, अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये इथं काच कारखाना निघाला आणि टिळकांनी त्याच्यामागे आपलं वजन उभं केलं. पुढे जवळजवळ शतकानं इथले माळ चमकायला लागले ते पॉलिहाऊसच्या कागदानं. एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आलं, मावळचा गुलाब व्हॅलेंटाईन डेच्या आधी युरोपला जाऊ लागला. माझी उमेदीची वर्षं त्या गुलाबांत गेली, आणि प्लास्टिक मी शिकलो ते तिथंच.

पॉलिहाऊसचा कागद २०० मायक्रॉनचा. नुसतं पॉलिथिन मावळच्या उन्हात टिकत नाही. अतिनील किरण त्याच्या लांब साखळ्या तोडतात, कागद कडक होतो आणि एखाद्या वाऱ्यात फाटतो. म्हणून त्यात ऊन सोसणारं रसायन घालतात. गुलाबावर भुरी आली की गंधकाची धुरी किंवा फवारणी करावी लागते, आणि गंधक त्याच रसायनाला निकामी करतं. जिथं गंधक जास्त, तिथला कागद आधी जातो.

मल्चिंगचं गणित उलटं. २५-३० मायक्रॉनचा चंदेरी-काळा पेपर गादीवाफ्यावर अंथरायचा, कडा मातीत दाबायच्या, भोकं पाडून मिरची, टोमॅटो नाहीतर कलिंगड लावायचं. तण थांबतं, ओल टिकते. पीक निघाल्यावर मात्र तो उपटायला मजूर लागतात. नाही उपटला तर चिंध्या रोटाव्हेटरला गुंडाळतात, उरलेल्या मातीत जातात. पीक असेपर्यंत टिकेल आणि मग आपोआप नाहीसा होईल असा पेपर हवा, ही मागणी यातूनच आली.

इंग्लंडच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातले जेराल्ड स्कॉट आणि इस्रायलचे डॅन गिलीड यांनी १९७० च्या दशकात यावर फार सुंदर तोड काढली. पेपरमध्ये लोहाचं असं संयुग घालायचं, की आधी ते उन्हापासून राखण करतं. ते संपलं की मोकळं झालेलं लोहच साखळ्या तोडायला लागतं. प्रमाण बदललं की मुदत बदलते. शेतकऱ्याची गरज ओळखून केलेलं काम होतं ते. पुढे लोह, मँगनीज, कोबाल्ट यांचे क्षार घातलेल्या साध्या पिशव्या ‘ऑक्सो’ म्हणून बाजारात आल्या. तिथं कुठलं पीक नव्हतं आणि कुठली मुदतही नव्हती.

असा पेपर हंगामानंतर शेतात जाऊन जवळून बघावा. वाफ्याच्या माथ्यावर तो बोट लावताच चुरतो. कडेची माती खुरप्यानं बाजूला करा, तर दाबलेली पट्टी ओली, लवचिक, ओढली तर ताणते आणि तुटत नाही. पेपर एकच, त्यातलं लोहही तेच. पण लोह कामाला लागायला ऊन, उष्णता आणि हवा हवी. मातीखाली ऊन नाही, गारवा आहे, आणि मावळच्या पावसात चिकट माती भरली की हवाही कोंडते. पॉलिथिनची साखळी लाखांच्या रेणुभाराची असते. ती तुटत तुटत काही हजारांवर आल्याशिवाय जिवाणूंना ती पचत नाही. उन्हात अर्धवट तुटलेला चुरा नांगराखाली गेला, की तुटण्याचं कामही तिथंच मंदावतं. बारीक कण तेवढे मातीत राहतात.

प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ मध्ये हेच पिशव्यांवर दाखवलं. उघड्यावर ठेवलेल्या सगळ्या पिशव्यांचे नऊ महिन्यांत तुकडे झाले, साध्या पिशवीचेसुद्धा. मातीत पुरलेल्या ऑक्सो पिशव्या तीन वर्षांनंतरही सामान न्यायला चालत होत्या. युरोपीय संघानं जुलै २०२१ पासून ऑक्सो प्लास्टिक बाजारात आणायला बंदी घातली.

आपल्याकडे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा रोपवाटिका आणि शेतीसाठीच्या कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या वगळल्या. ते योग्यच होतं, पण कंपोस्टची चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते आणि आपलं शेत तितकं तापत नाही. केंद्राच्या २०२४ च्या नियमांत आता स्पष्ट लिहिलंय, की जैवविघटनशील म्हणवणाऱ्या प्लास्टिकनं मागं सूक्ष्म कण ठेवता कामा नयेत. मला विचाराल तर मल्चिंगसाठी खरा कस युरोपच्या २०१८ च्या मानकाचा: २० ते २८ अंशांच्या मातीतच दोन वर्षांत ९० टक्के कार्बन वायुरूप झाला पाहिजे. ‘डिग्रेडेबल’ पेपर विकायला कुणी आलं, तर मी मातीतल्या चाचणीचा कागद मागतो. नुसत्या उन्हातल्या चाचणीवर मी पेपर घेत नाही.

तसा पेपर परवडत नसेल तर साधा, जाड घ्यावा आणि पाऊस लागायच्या आत, अखंड असताना काढावा. आधी दोन्ही कडा मोकळ्या करायच्या, मग एका टोकाकडून गुंडाळत जायचं. माझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांना मी लागवडीच्या आधी हे काढणं शिकवतो.