मुंबई बघताना आपल्या बायकांचा माग



बचत गटाची मुंबईची सहल म्हटली की यादी ठरलेली असते. गेट वे, राणीची बाग, महालक्ष्मी, सिद्धिविनायक. हे सगळं बघावंच. पण आपल्या राज्याच्या या राजधानीत बायकांच्या कष्टाचाही इतिहास आहे, आणि त्यात रत्नागिरीचा वाटा आहे. तो बघायचा तर आम्ही सांगू, चर्नी रोडला उतरा.

समोरच गिरगाव चौपाटी. विधवांच्या शिक्षणासाठी पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन काढलं, ते इथे. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती आपल्या देवरुखची गोदूबाई. लहानपणीच कुंकू पुसलेलं. भावाने पाठबळ दिलं आणि विशी उलटल्यावर ती शिकायला बसली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच या बाया कर्वे. पुढे आश्रमासाठी त्यांनी दारोदार वर्गणी जमवली.

चौपाटीवरून गिरगावात शिरा. १५ मार्च १९५९ रोजी इथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. तोच आजचा लिज्जत पापड. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण असते.

मग लोकलने लोअर परळ गाठा. हे गिरणगाव. आपल्याकडचे पुरुष बोटीने मुंबईत उतरत, गिरणीत लागत आणि एका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांना जेवू घालत खानावळवाल्या. पगार होईपर्यंत उधारी, संपात तर अधिकच. त्यासाठी या बायका वाण्याचं आणि सावकाराचं देणं अंगावर घेत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपण आज गटाच्या भरवशावर कर्ज उचलतो ना, ती वाट या बायकांनी आधी चालून पाहिली होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. हळूहळू गिरण्या गेल्या. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. तिथे उभं राहून चुलीपुढची बाई दिसणार नाही. ती आपल्यालाच आठवावी लागेल.

म्हणून सहलीला निघण्याआधी एक काम करूया. गावातल्या थोरल्या बायकांना विचारूया. तुमचं माणूस कुठल्या चाळीत राहायचं? कोणाच्या खानावळीत जेवायचं? मनीऑर्डर लांबली की इकडे तुम्ही घर आणि शेत कसं रेटलंत? त्या सांगतील ते गटाच्या वहीत लिहून ठेवूया. हिशोबाच्या वहीची मागची पानं नाहीतरी कोरीच असतात.