कोल्हापूरचे वाइल्डर घराणे

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रदेशात घराण्यांचे इतिहास छापून ठेवण्याची मोठी हौस आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडहून आलेला एखादा वसाहतकार जंगल तोडून लाकडी घर उभारी. कधीकधी त्याच घराच्या दर्शनी भागात वाटसरूंच्या मुक्कामाची व मद्यपानाची सोय असे आणि गावची सभाही तेथेच भरे. पुढे शंभर-दोनशे वर्षांनी त्याचा कोणी वंशज त्या घराची, शेताची आणि लेकरा-नातवंडांची जाडजूड वंशावळ प्रसिद्ध करी. वाइल्डर आडनावाच्या कुटुंबांविषयी असाच एक ग्रंथ रेव्हरंड मोझेस वाइल्डर यांनी १८७८ साली सिद्ध केला. १६३८ साली मुलाबाळांसह समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलेली मार्था वाइल्डर नावाची एक विधवा त्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

याच आडनावाचे एक अमेरिकन कुटुंब आमच्या कोल्हापुरात येऊन राहिले. येथील वाइल्डर मेमोरियल चर्च हे नाव आम्हां सर्वांच्या परिचयाचे. परंतु ते नाव कोणाचे, हे आमच्या धर्मग्रामातील फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असावे. वाइल्डर मंडळी प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. म्हणून त्यांचा इतिहास आमचा नव्हे, अशी जुनी समजूत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश १९६४ साली दिला. शेजारच्या घरचा इतिहास वाचायला एवढा काळ पुरेसा झाला, असे आम्हांस वाटते.

रॉयल गूल्ड वाइल्डर यांचा जन्म १८१६ साली व्हरमाँट राज्यातील ब्रिडपोर्ट गावी झाला. मिडलबरी कॉलेज आणि अँडोव्हरचे धर्मशिक्षण आटोपून १८४६ साली ते पत्नी एलायझा जेन यांच्यासह हिंदुस्थानास निघाले. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) १८३१ पासून चालू होते. अहमदनगर येथे मुलांच्या शाळेचे काम पाहून १८५२ साली हे दांपत्य कोल्हापुरात आले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. गादीवर छत्रपती होते, पण कारभार इंग्रज पोलिटिकल अधिकाऱ्याच्या हाती गेला होता. रेल्वे यायला आणखी जवळपास चाळीस वर्षे होती. अशा संस्थानी नगरात वाइल्डर यांनी शाळा काढल्या, आणि त्या शाळांपायी त्यांच्यावर जे संकट आले ते कोल्हापूरकरांकडून नव्हे, त्यांच्याच संस्थेकडून आले.

अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ साली येथील कार्याची पाहणी करण्यास आले. मिशनरीचे मुख्य काम सुवार्ता सांगणे आणि स्थानिक मंडळी स्वतःच्या पायावर उभी करणे हे होय. इंग्रजी शाळांवर पैसा व मनुष्यबळ खर्च करू नये, असे त्यांचे ठाम मत होते. हे मत सर्वस्वी चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी गृहस्थांना १८५४ साली अहमदनगरास पाळकपदाची दीक्षा मिळाली, हे त्याच विचाराचे फळ होय. आणि आमच्याकडे देशी धर्मगुरूंच्या हाती धर्मग्राम सोपविण्यास किती वेळ लागला ते आठवले म्हणजे अँडरसन यांच्याविषयी आदरच वाटतो. तथापि शाळा बंद करण्याचा त्यांचा आग्रह वाइल्डर यांना पटला नाही. जेथे मंडळीच अजून नाही, तेथे लोकांच्या दारात पाऊल टाकायला शाळेवाचून दुसरी वाट कोणती, हा त्यांचा प्रश्न होता.

१८५७ साली प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी गेले. बोर्डाने कोल्हापूरचे काम थांबविले व पुढे वाइल्डर यांच्याशी असलेला संबंधही तोडला. त्यांनी आपली बाजू मांडणारे पुस्तक १८६१ साली छापले आणि त्याच वर्षी कोणत्याही संस्थेचा आधार नसताना ते पुन्हा कोल्हापुरास आले. पगाराची शाश्वती नाही, पदरी संसार, आणि ज्यांनी पाठविले त्यांनीच पाठ फिरविलेली! सुमारे दहा वर्षे मित्रांच्या वर्गणीवर त्यांनी हे काम चालविले. १८७० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते आपल्याकडे घेतले. त्यांच्या शाळांतून ३,३०० वर मुले शिकली, त्यांपैकी ३०० मुली होत्या, असा हिशेब त्यांच्या चरित्रात दिलेला आढळतो. त्या काळी मुलींचा आकडा एवढा असणे ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. आमच्या येशूसंघीयांनी मुंबई-पुण्यात इंग्रजी शाळा उभारल्या त्याही याच सुमारास; पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे. या वादात कॅथलिक वाचकाचा कौल वाइल्डर यांच्या बाजूने पडेल, हे उघड आहे.

१८७५ साली कुटुंब अमेरिकेस परतले व प्रिन्स्टन येथे राहिले. तेथे वाइल्डर यांनी १८७८ पासून 'मिशनरी रिव्ह्यू' हे नियतकालिक चालविले. १८८७ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. प्रिन्स्टनला शिकत असताना तो आणि त्याची बहीण ग्रेस एकत्र प्रार्थना करीत. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे सुमारे अडीचशे विद्यार्थी जमले असता रॉबर्टच्या प्रेरणेने शंभर तरुणांनी परदेशी सेवेस जाण्याची प्रतिज्ञा केली. पुढे १९४६ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळविणारे जॉन मॉट त्यांतलेच. या आवाहनातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीने नंतर हजारो तरुण देशोदेशी धाडले. रॉबर्ट स्वतः काही वर्षे भारतात विद्यार्थ्यांत राबले आणि १९३८ साली पत्नीच्या देशी, नॉर्वेत, निवर्तले.

लेखी इतिहासात एलायझाबाईंच्या वाट्याला मात्र फारच थोड्या ओळी आल्या आहेत. वैधव्य आल्यावर त्यांना अमेरिकेत मुलांच्या आश्रयाने स्वस्थ बसता आले असते. पण १८८७ सालीच त्या ग्रेसला घेऊन याच मुलखात परत आल्या. चाळीस वर्षांपूर्वी पतीबरोबर केलेला प्रवास त्यांनी उतारवयात मुलीबरोबर पुन्हा केला.

वाइल्डर घराण्याचा वृत्तान्त आज सांगता येतो, कारण ती माणसे अहवाल लिहीत आणि जपून ठेवीत. आमचे पूर्वज बारदेशातून, सावंतवाडीकडून घाट चढून आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागात आले. कोणी शेती केली, कोणी वाजंत्री झाला, कोणी आचारी. त्यांनी अहवाल लिहिले नाहीत. त्यांचा माग लागतो तो धर्मग्रामांच्या स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदवह्यांत. हा प्रदेश १८८६ पासून पुणे धर्मप्रांतात होता, २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे. त्यामुळे शोध घेणाऱ्याने दोन्हीकडे विचारणा करावी. नोंद उतरून घेताना आईबापांच्या नावांवर थांबू नये. धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे नावही लिहून घ्यावे. परक्या गावी आलेले कुटुंब बहुधा आपल्याच मूळ गावच्या माणसाला त्या मानासाठी बोलावी, आणि पुष्कळदा त्या एका नावावरूनच गोव्यातला वाडा सापडतो.