पशुविज्ञान : पदवी एक, वाटा अनेक

जनावरांवर उपचार करण्याचे शास्त्र, एवढाच पशुवैद्यकीय शिक्षणाचा अर्थ शहरात घेतला जातो. प्रत्यक्षात या पदवीचे नावच ‘पशुवैद्यक व पशुसंवर्धन’ असे दुहेरी आहे. शरीररचना, विकृतिशास्त्र व शल्यचिकित्सेबरोबर पशुपोषण, आनुवंशिकी आणि कुक्कुटपालन हे विषयही त्यात अभ्यासावे लागतात. गाय बरी करणे आणि गायीचे दूध वाढविणे, दोन्ही या शास्त्राचीच अंगे होत.

मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालयांप्रमाणेच तेही महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. २००० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक असून प्रवेश ‘नीट’ परीक्षेतील गुणांवर होतो. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाच्या आंतरवासितेचा समावेश असतो.

एक भेद प्रवेशापूर्वीच ध्यानात घ्यावा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकास असतो. दुग्धतंत्रज्ञानासारख्या शेजारच्या शाखेची पदवी कारखान्याचे दार उघडते, दवाखान्याचे नव्हे. संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. या संस्थेचा प्रारंभ १८८९ मध्ये पुण्यात झाला होता.