दाराकडे तोंड करून

मावशीचं सिडकोतलं रो-हाउस तीन वर्षं विकलं जात नव्हतं. भिंतींना ओल नाही, कागदपत्रं स्वच्छ, पुढे स्कूटर लावायला जागा. खोट एकच, दार दक्षिणेला. लोक यायचे, उंबऱ्यात उभं राहून फोनमधलं होकायंत्र उघडायचे, काटा स्थिर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि मग चहा पिऊन निघून जायचे. कुणी भाव बोललाच तर त्यात दक्षिणेचे दोन-तीन लाख आधीच वजा केलेले असायचे. मावशी निवृत्त आहे, एकटी आहे, तिला मुलीजवळ पुण्याला जाऊन राहायचंय. त्यामुळे हे दोन-तीन लाख म्हणजे तिच्यासाठी थट्टेचा विषय नव्हता.

शेवटी एजंटने सुचवलं, "दार काही फिरवता येत नाही मॅडम. हॉलचं फेंगशुई करून घ्या. तोडफोड नाही, काही नाही."

मग हॉल बदलला. सोफ्याची पाठ दाराकडे होती, तो आतल्या भिंतीला टेकवला. आग्नेयेच्या कोपऱ्यात काचेच्या भांड्यात लकी बांबू आला. दाराशी विंड चाइम टांगला गेला. आणि टीव्हीच्या शोकेसमध्ये, दाराकडे तोंड करून, लाफिंग बुद्धा बसला. तो मी आणून दिला, कारण स्वतःच्या पैशाने घेतलेला फळत नाही म्हणे.

शेजारचे काका दुसऱ्या दिवशी आले. ते मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. बाबासाहेबांनी नागसेनवनात 1950 साली सुरू केलेलं ते कॉलेज. काकांच्या हॉलमध्येही बुद्ध आहे, आणि तोही आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असाच. शेजारी बाबासाहेबांचा फोटो. 1956च्या धम्मदीक्षेनंतर या शहरातल्या हजारो घरांतून देव्हारे गेले आणि बुद्ध थेट बैठकीच्या खोलीत आला. देवघराच्या आडोशाला नाही, सगळ्यांसमोर. घर कुणाचं आहे हे तो दारातूनच सांगतो. काकांनी मावशीच्या शोकेसकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हा कशावर हसतोय ते विचारा की एकदा त्याला."

मला तेव्हापासून हे गृहस्थ कोण, याचं कुतूहल लागलं.

हे गौतम बुद्ध नव्हेत. हे बुदाई. चिनी भाषेत बुदाई म्हणजे कापडी झोळी. नवव्या-दहाव्या शतकात, आजच्या झेजियांग प्रांतातल्या फंगहुआ भागात छित्सी नावाचा एक फिरस्ता भिक्षू होता. ढेरपोट्या, अंगावर धड वस्त्र नाही, मिळेल ते झोळीत टाकणारा. तो वारल्यावर लोक म्हणू लागले की हा मैत्रेय होता, म्हणजे अजून यायचा असलेला, भविष्यातला बुद्ध. हळूहळू चीनमध्ये मैत्रेयाचं रूपच बदललं आणि तो लठ्ठ, हसरा झाला. हांगचौजवळच्या एका डोंगरात त्याचं सोंग काळातलं मोठं शिल्प आहे. त्या डोंगराचं नाव फेइलाइ फंग, म्हणजे उडून आलेलं शिखर. कुठून उडून आलेलं? दंतकथा सांगते, भारतातून.

चिनी विहारांमध्ये प्रवेशाच्या दालनात हाच मैत्रेय बसवतात, फाटकाकडे तोंड करून. आत येणाऱ्याचं स्वागत त्याने करायचं. आपल्या शोकेसमधला नियम त्या दालनातल्या मांडणीशी तंतोतंत जुळतो. फक्त तिथे तो येणाऱ्याला हसतो, इथे त्याने येणाऱ्या लक्ष्मीला हसायचं असतं.

हा मैत्रेय मूळचा आपल्याकडचा, त्यामुळे त्याचा दाराशी संबंध इथेच शोधायला हवा. अजिंठ्याच्या 17व्या लेण्यात जा. पाचव्या शतकातलं काम. मुख्य दाराच्या वर ओळीने आठ बुद्ध रंगवलेत: सात होऊन गेलेले आणि आठवा मैत्रेय. बांधा सडपातळ, चेहरा शांत, ढेरीचा पत्ता नाही. म्हणजे हांगचौच्या आधी काही शतकं, आपल्याच जिल्ह्यात, मैत्रेय दाराच्या कपाळावर बसलेला होता.

आणि ढेरी? तीही आहे, पण दुसऱ्याची. त्यासाठी अजिंठ्यापर्यंत जायचीही गरज नाही. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, जिथे आपण फार तर पावसाळ्यात फोटो काढायला जातो. त्यातलं सातवं लेणं सहाव्या शतकातलं. त्याच्या व्हरांड्याच्या एका टोकाला छोट्या दालनात पांचिक आणि हारिती बसलेत. पांचिक हा धनाचा यक्ष, अंगाने भरलेला. हारिती लेकरांची राखणदार. संपत्ती आणि संतती, दोघं जोडीने, आत शिरायच्या आधी. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इ-त्सिंग याने नोंदवून ठेवलंय की इथल्या विहारांत हारितीची प्रतिमा ओसरीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात असते आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवतात. म्हणजे कुठल्या कोपऱ्यात काय ठेवायचं, याची चर्चा चिनी माणसाने भारतात येऊन लिहून घेतली होती.

पण मला त्या लेण्यात खिळवून ठेवलं ते दाराशेजारच्या भिंतीने. मध्ये अवलोकितेश्वर उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आठ छोटे देखावे. आग लागलीय. चोर तलवार घेऊन आलाय. कुणी बेड्यांत आहे. जहाज बुडतंय. सिंह, साप, पिसाळलेला हत्ती. शेवटी मृत्यू आईच्या हातून मूल ओढतोय. प्रत्येक ठिकाणी माणसं हात जोडून आहेत. हे कोरून घेणारे लोक व्यापाराच्या वाटेवरचे होते. त्यांची भीती काय होती ते त्यांनी दाराशी, नावानिशी, दगडात लिहून ठेवलं. मावशीच्या शोकेसमध्ये भीतीचं नाव कुठेच नाही. तिथे सगळं हसतंय. घर विकलं गेलं नाही तर, मुलीने बोलावणं बंद केलं तर, हे कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं याचा तक्ता मिळत नाही.

मग फेंगशुई हे शास्त्र तरी मुळात घराचं होतं का? शब्दाचा अर्थ साधा, वारा-पाणी. त्याचा जुना आधारग्रंथ मानला जातो तो 'दफनाचा ग्रंथ', चौथ्या शतकात वारलेल्या ग्वो पू याच्या नावावर असलेला. त्यात प्रश्न सोफ्याचा नाही, थडग्याचा आहे: पूर्वजाला कुठे पुरलं तर जमिनीतला प्राण वाऱ्याने उधळणार नाही आणि पाण्यापाशी थांबेल. तिथून ते घरांवर आलं. उत्तरेला डोंगर पाठीशी हवा, कारण चीनमध्ये थंड वारे उत्तरेकडून येतात. दक्षिणेला दार, पुढे पाणी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून येतो. जाणकार लुओपान नावाचं होकायंत्र घेऊन डोंगर हिंडायचे. एकोणिसाव्या शतकात तारा आणि रेल्वेमार्ग टाकू पाहणाऱ्या युरोपीय लोकांना या शास्त्राचे आक्षेप ऐकावे लागले. 1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत ते 'जुनाट' म्हणून चिरडलं गेलं. तगलं ते हाँगकाँग, तैवान, मलेशियात. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात लिन युन यांच्या पंथाने होकायंत्रच बाजूला ठेवलं. नऊ चौकोनांचा नकाशा घ्यायचा, घराच्या दाराशी जुळवायचा, झालं. डोंगर नको, नदी नको, फ्लॅट चालेल. असं हलकं झालेलं शास्त्र जगभर विकता आलं. मलेशियाच्या लिलियन टू यांच्या पुस्तकांबरोबर 1990च्या दशकाच्या शेवटी ते आपल्या रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर पोचलं आणि मागोमाग भेटवस्तूंच्या दुकानांत. लकी बांबू तर बांबूही नाही आणि चिनीही नाही. ती ड्रॅसिना, मूळची मध्य आफ्रिकेतली.

आता गंमत बघा. ज्या फेंगशुईने दक्षिणेचं दार आदर्श मानलं, ते मावशीच्या घरी दक्षिणेच्या दारावर उतारा म्हणून आलं.

दक्षिण वाईट, हे आलं वास्तूकडून. पण तिथेही जुनी पोथी इतकी सरळ नाही. सातव्या लेण्याचं काम ज्या शतकातलं, त्याच सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता लिहिली. त्यात घराच्या चार बाजूंवर दारासाठी बत्तीस जागा आहेत आणि प्रत्येकीचं फळ वेगळं. दक्षिण बाजूच्या आठ जागांतली चौथी, बृहत्क्षताची, ही खाणंपिणं आणि संतती वाढवणारी म्हणून सांगितली आहे. बाकीच्या तीन बाजूंनाही वाईट जागा आहेतच. आपल्यापर्यंत येताना बत्तीसची गाळण होऊन एक ओळ उरली: दक्षिण नको. फोनच्या काट्याला तेवढंच झेपतं.

आणि या शहराला तरी दक्षिणेची कधी भीती होती? औरंगाबाद लेणी डोंगराच्या दक्षिण कड्यात खोदलेली आहेत, सगळी दक्षिणेकडे बघतात. बीबी का मकबऱ्यात आपण शिरतो ते दक्षिणेच्या दरवाजातून. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत, पाणी तिकडून उतरतं. मलिक अंबरने 1610मध्ये खडकी वसवली आणि पुढे नहर बांधली ती याच उतारावर. मातीच्या नळांतून, बंबांतून, डोंगरातलं पाणी शहरात. पाणचक्कीत अजून त्याच तंत्राचं पाणी भिंतीवरून कोसळतं. वारा-पाण्याचं शास्त्र म्हणायचं तर या गावातलं ते आहे. हे शहर बावन्न दरवाजांचं म्हणतात, आणि त्यातल्या कितीतरी दरवाजांची नावं ते कुठे घेऊन जातात त्यावरून आहेत: दिल्ली, पैठण, मक्का. शुभ-अशुभावरून नाहीत.

घरांचंही तसंच होतं. मराठवाड्याच्या वाड्यात आजच्या हॉलचं काम ढाळज करायची. दाराच्या आत लगेच, उंच कट्ट्याची. घरधनी भिंतीला तक्क्या टेकून बसायचा, तोंड दाराकडे. कोण आलं ते दिसायचं, दूधवाल्यापासून व्याह्यापर्यंत सगळे तिथेच थांबायचे. दारातून अंगण थेट दिसू नये म्हणून आडवी भिंत असायची. सोफा भिंतीला लावा, दाराकडे पाठ करू नका, हा फेंगशुईचा सल्ला त्यामुळेच आपल्याला इतका पटतो. तो आपल्या आजोबांना कुणी पैसे घेऊन सांगितला नव्हता इतकंच. मावशीच्या सोफ्याचं म्हणाल तर तो फिरवल्यापासून खोली खरंच बरी वाटते. हे मी कबूल करतो.

ढाळज गेली ती जागेमुळे. 1970च्या दशकात सिडकोने शहराच्या पूर्वेला नवं औरंगाबाद आखलं. चिकलठाण्याला, मग वाळूजला कारखाने आले. गुलमंडीच्या गल्ल्यांतून आणि खेड्यांतून माणसं एन-सेक्टरांत राहायला गेली. घरं समोरासमोर ओळीत बांधली की एका रांगेचं दार उत्तरेला उघडतं आणि समोरच्या रांगेचं दक्षिणेला. यात कुणाची पुण्याई नाही, आखणी आहे. पहिली वीसेक वर्षं कुणी विचारलंही नाही. घर मिळालं हेच खूप होतं. दिशा महाग झाली ती घर ही गुंतवणूक झाल्यावर. समोरच्या उत्तरमुखी रांगेतलं तसंच घर, तीच वीट, तेच वय, मावशीच्या घरापेक्षा जास्त भावाने गेलं.

खरं तर या अक्षांशावर मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या दाराला त्याचा त्रास नाही. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे कलतो आणि ऊन उंबऱ्यात येतं. मावशी तिथेच बसून मेथी निवडते. तापते ती पश्चिमेची भिंत. पण पश्चिमेच्या भिंतीबद्दल कुणी घासाघीस केली नाही.

मार्चमध्ये एक जोडपं आलं. दोघं वाळूजला नोकरीला, कडेवर मुलगी. बाईंची नजर शोकेसवर गेली, मुलीने लाफिंग बुद्धाच्या पोटाला हात लावायचा हट्ट धरला, तो तिला दिला. आम्ही सगळे फोन निघायची वाट बघत होतो. मावशीने तर आधीच सुरू केलं, "तसं दार दक्षिणेला आहे, पण..."

"ते असू द्या काकू," गृहस्थ म्हणाले, "आधी सांगा, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग खरं ते सांगितलं, आणि अंगणातल्या टाकीचं झाकण उघडून दाखवायला त्यांना बाहेर घेऊन गेली.