नौकाटक्कर : न्यायालयाची अधिकारिता

जहाजांची किंवा बोटींची परस्परांशी टक्कर होऊन झालेल्या हानीचा दावा कोणत्या न्यायालयात चालावा, हे ठरविणाऱ्या नियमांचा समूह. जमिनीवरील अपघातात हा प्रश्न सहसा अवघड नसतो. घटनास्थळ ज्या न्यायालयाच्या हद्दीत, तेथे दावा चालतो. समुद्रावर मात्र घटनास्थळ पुष्कळदा कोणत्याच राज्याच्या हद्दीत नसते आणि असले, तरी जहाज तेथे थांबत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एम्. एस्. सी. चित्रा’ व ‘खलिजिया–३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल व मालाच्या पेट्या समुद्रात गेल्या. त्यांपैकी एका जहाजावर पनामाचा, तर दुसऱ्यावर सेंट किट्स आणि नेव्हिसचा ध्वज होता. नुकसान मात्र मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचे झाले.

महाराष्ट्रात हा प्रश्न दोन अगदी भिन्न ठिकाणी उद्‌भवतो : एक मुंबई बंदरात आणि दुसरा किनाऱ्यापासून दोनशे किमी.हून अधिक आत, उजनी धरणाच्या जलाशयावर. दोन्हीकडे पाणी आहे आणि नौका आहेत. पण कायदा एक नाही. या भेदाचे मूळ इंग्लंडच्या न्यायालयीन इतिहासात आहे.

इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकात ॲडमिरलचे, म्हणजे नौसेनापतीचे, स्वतंत्र न्यायालय उदयास आले. त्याच्या वाढत्या अधिकाराविरुद्ध सामान्य न्यायालयांनी तक्रार केली आणि दुसऱ्या रिचर्डच्या कारकीर्दीत १३८९ व १३९१ च्या कायद्यांनी त्याला समुद्रापुरते मर्यादित करण्यात आले. देशांतर्गत पाण्यावरील घटना त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. अपवाद केवळ मोठ्या नद्यांच्या मुखाकडील, समुद्रालगतच्या पुलांच्या खालच्या अंगास मोठ्या जहाजांवर घडलेल्या मनुष्यवध व गंभीर दुखापतीच्या प्रकरणांचा. हा झगडा जितका तत्त्वाचा, तितकाच न्यायालयीन शुल्काचाही होता. १८४० व १८६१ च्या कायद्यांनी ही बंधने सैल केली. तथापि ‘समुद्राचा कायदा वेगळा, आतल्या पाण्याचा वेगळा’ ही कल्पना टिकून राहिली.

ॲडमिरल्टी न्यायालयाचे वैशिष्ट्य म्हणजे वस्तुलक्षी दावा. यात मालकाऐवजी जहाज हाच प्रतिवादी मानला जातो. न्यायालयाच्या हुकुमाने जहाजाला अटक होते. मालकाने पुरेसे तारण दिल्यास ते सुटते, न दिल्यास विकले जाऊन त्या रकमेतून दावेदारांची भरपाई होते. मालक कोठे राहतो, याला मग फारसे महत्त्व उरत नाही. जहाज ज्या बंदरात सापडेल, तेथील न्यायालय योग्य ठरते.

या सोयीतूनच निवडीचा प्रश्न तीव्र झाला. एकच जहाज अनेक बंदरांना लागते आणि प्रत्येक देशात मालकाच्या दायित्वाची कमाल मर्यादा, व्याजाचे नियम व पुराव्याची पद्धत वेगळी असते. साहजिकच वादी आपल्याला लाभदायक न्यायालय शोधू लागले. १९१० च्या ब्रूसेल्स कराराने टकरीतील नुकसान दोषाच्या प्रमाणात वाटण्याचे तत्त्व मान्य केले, परंतु न्यायालयाचा प्रश्न अनिर्णित ठेवला. तो १९५२ च्या ब्रूसेल्स कराराने हाती घेतला. त्यानुसार वादीला तीन पर्याय मिळाले : प्रतिवादीच्या निवासाचे वा व्यवसायाचे ठिकाण, जहाजाला (किंवा त्याच मालकाच्या दुसऱ्या जहाजाला) अटक झाली वा होऊ शकली असती ते ठिकाण आणि टक्कर बंदरात अथवा अंतर्देशीय पाण्यात झाली असेल, तर टकरीचे ठिकाण. पहिला दावा सोडल्याशिवाय त्याच प्रतिवादीविरुद्ध दुसऱ्या देशात दावा करण्यास मनाई झाली. खुल्या समुद्रावरील टकरीत घटनास्थळाला स्थान नाही. आतल्या पाण्यात मात्र ते आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

इंग्लिश न्यायालयांनी अशा निवडीला पुढे स्वतःच आवर घातला. १९८२ साली बॉस्पोरसच्या सामुद्रधुनीत ‘आबिदिन दावेर’ हे तुर्की जहाज आणि एक क्यूबन जहाज यांची टक्कर झाली. तुर्की मालकांनी तुर्कस्तानात दावा लावला, तर क्यूबन मालकांनी प्रतिपक्षाचे दुसरे जहाज अडकवून लंडनमध्ये. १९८४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने लंडनचा दावा स्थगित केला. एकाच टकरीचे दोन देशांत दोन परस्परविरोधी निर्णय होणे न्यायाला शोभणारे नाही, ही त्यामागील भूमिका होती.

फौजदारी बाजूचा इतिहास उलट दिशेने गेला. १९२६ मध्ये ‘लोटस’ हे फ्रेंच जहाज ‘बोझ-कुर्त’ या तुर्की जहाजावर खुल्या समुद्रात आदळून आठ तुर्की इसम मृत्यू पावले. फ्रेंच अधिकाऱ्यावर तुर्कस्तानने भरलेला खटला आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नाही, असा निर्णय हेग येथील कायम आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९२७ साली अध्यक्षांच्या निर्णायक मताने दिला. नाविकांच्या जगाला तो रुचला नाही. १९५२ चा दुसरा ब्रूसेल्स करार, १९५८ चा खुल्या समुद्राविषयीचा करार व १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार यांनी असा खटला केवळ ध्वजराज्याला किंवा आरोपीच्या स्वतःच्या राष्ट्राला चालविता येईल, असे ठरविले.

मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १६८३ च्या सनदेनुसार ॲडमिरल्टी न्यायालय स्थापिले आणि १६८४ मध्ये डॉ. सेंट जॉन हे त्याचे न्यायाधीश म्हणून आले. पुढे ही अधिकारिता रेकॉर्डरचे न्यायालय, सर्वोच्च न्यायालय (१८२३ ची सनद) आणि १८६२ पासून उच्च न्यायालय अशी क्रमाने चालत आली. १८९०-९१ च्या कायद्यांनी मुंबई, कलकत्ता व मद्रास या उच्च न्यायालयांना वसाहतींची ॲडमिरल्टी न्यायालये ठरविले. स्वातंत्र्यानंतरही हीच जुनी इंग्रजी मापे चालू राहिली. ती मोडली ‘एम्. व्ही. एलिझाबेथ’ प्रकरणात. हे जहाज १९८४ साली मुरगाव बंदरातून निघून गेले. गोव्यातील कंपनीने मालाबद्दल दावा लावून त्याला विशाखापट्टनम्‌ येथे अटक करविली. परदेशी जहाजावर व निर्यात मालाबाबत आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाला अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरविले आणि ब्रूसेल्स करार भारताने स्वीकारले नसले, तरी त्यांतील तत्त्वांचा आधार घेता येईल, असे म्हटले.

यानंतर २०१७ चा ॲडमिरल्टी अधिनियम आला (अंमल १ एप्रिल २०१८ पासून). त्याने १८४०, १८६१, १८९० व १८९१ चे कायदे रद्द करून मुंबईसह ठराविक उच्च न्यायालयांना आपापल्या राज्यक्षेत्रीय सागरापर्यंत अधिकार दिला. टकरीसंबंधीच्या व्यक्तिलक्षी दाव्यांसाठी त्याच्या सातव्या कलमात खास अटी आहेत : वादकारण पूर्णतः वा अंशतः भारतात उद्‌भवलेले असावे किंवा प्रतिवादी भारतात राहणारा वा व्यवसाय करणारा असावा आणि परदेशातील आधीचा दावा सोडलेला असावा. १९५२ च्या कराराचा ठसा येथे स्पष्ट दिसतो. तरीही घटनास्थळाने सर्व काही ठरत नाही. ३० जानेवारी २०११ रोजी ‘विंध्यगिरी’ ही भारतीय युद्धनौका मुंबई बंदरात ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन आग लागल्याने बुडाली. या घटनेतील दोषाबाबत ‘नॉर्डलेक’ व ‘सी ईगल’ या जहाजांच्या मालकांमधील वादाचा निकाल २०१५ मध्ये लंडनच्या ॲडमिरल्टी न्यायालयाने दिला.

हा सारा कायदा अंतर्देशीय जलयानांना लागू नाही. २०१७ च्या अधिनियमानेच त्यांना वगळले आहे. उजनी जलाशयावरील होड्या व यांत्रिक बोटी यांची गणना त्यांतच होते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने भीमेच्या खोऱ्यात सुमारे ११७ अब्ज घनफुटांचा जलाशय निर्माण केला. सोलापूर, पुणे व अहिल्यानगर (अहमदनगर) या जिल्ह्यांत पसरलेल्या या पाण्याने नदीकाठची गावे विस्थापित केली आणि समोरासमोरच्या गावांचे जुने रस्ते तोडले. त्यामुळे करमाळा व इंदापूर तालुक्यांतील लोक बोटीने ये-जा करू लागले. २१ मे २०२४ रोजी कुगाव (ता. करमाळा) व कळाशी (ता. इंदापूर) यांदरम्यान एक प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. ती टक्कर नव्हती; परंतु भरपाईसाठी कोणत्या न्यायालयात जावे, हा प्रश्न टकरीतही तसाच उभा राहील.

दोन्ही तालुक्यांमधील सीमा भीमेवरून जाते आणि भरलेल्या जलाशयात नदीचे जुने पात्र दिसत नाही. टक्कर सीमेच्या कोणत्या बाजूस झाली, हे सिद्ध करणे म्हणूनच कठीण. दिवाणी प्रक्रिया संहितेचे (१९०८) एकोणिसावे कलम येथे उपयोगी पडते : अपकृत्य एका न्यायालयाच्या हद्दीत घडले आणि प्रतिवादी दुसऱ्याच्या हद्दीत राहत असेल, तर निवड वादीची. प्रतिवादीच्या गावचे न्यायालय निवडल्यास स्थळाचा वाद टळतो, परंतु वारसांना पैलतीरी खेपा घालाव्या लागतात. फौजदारी बाजू तुलनेने सोपी आहे. हद्द अनिश्चित असल्यास किंवा गुन्हा प्रवासात घडल्यास संबंधित कोणतेही न्यायालय खटला चालवू शकते, ही १९७३ च्या संहितेतील तरतूद २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही (कलमे १९८ व २०३) कायम आहे.

खरी उणीव न्यायालयाच्या निवडीत नसून अटकेच्या अधिकारात आहे. मुंबईत दावेदाराला जहाज अडकवून तारण मिळविता येते. त्यासाठी मालकाचा वाईट हेतू दाखवावा लागत नाही. उजनीवर मृताच्या वारसाने १८५५ च्या घातक अपघात अधिनियमाखाली दावा लावला, तरी निकालापूर्वी बोट जप्त करविण्यासाठी, प्रतिवादी हुकूमनामा टाळण्याच्या हेतूने मालमत्तेची विल्हेवाट लावीत आहे, असे न्यायालयाला पटवावे लागते. भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने आणखी एक मार्ग खुला केला आहे; त्यात तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते, म्हणजे कुगावकराला सोलापूर जिल्ह्याच्या, तर कळाशीकराला पुणे जिल्ह्याच्या. स्वतःची होडी दुसऱ्या बोटीच्या धडकेने फुटलेला मच्छीमार मात्र ग्राहक ठरत नाही. त्याला दिवाणी न्यायालयातच जावे लागते.