हेवी मेटलचा स्वर, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर
पनवेलजवळील करंजाडे या सिडको वसाहतीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. निवासी क्षेत्रात ध्वनिमर्यादा दिवसा ५५, तर रात्री दहानंतर ४५ डेसिबल. अशा ठिकाणी व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरवर हेवी मेटलचा स्वर जुळविणे अवघड, पण अशक्य नव्हे. हा करकरीत स्वर बहुतांशी प्रीअॅम्पच्या व्हॉल्व्हमध्येच घडतो; म्हणून ‘गेन’ चढवून ‘मास्टर’ उतरवावा. गेनचा अतिरेक मात्र नको, सुरांचा चिखल होतो. नवशिके ‘मिड’ शून्यावर नेतात. खोलीत ते भारदस्त वाटते, ड्रम्सच्या साथीत गिटार ऐकूच येत नाही. ‘मिड’ मध्यावर, ‘बास’ किंचित कमी ठेवावा. स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प्लिफायर सुरू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि ती दुरुस्ती महागडी असते.